पालकाची सही

माझ्या कपाटात एक पत्र्याची शाईपेटी आहे. झाकणाला गंज चढलाय, आतली गादी वाळून खडखडीत झालीय, पण कडेकडेनं जांभळा रंग अजून दिसतो. पेटी शाळेची नव्हे, माझी. १९७९ साली सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यातल्या एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी रुजू झाले. पाचवी ते सातवीला गणित आणि सामान्य विज्ञान शिकवायचं होतं. डी.एड.ला खडू कसा धरावा इथपासून सगळं शिकवलं होतं, शाईपेटी लागेल हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं. पहिली सहामाही झाली, प्रगतिपुस्तकं भरली, आणि शेवटच्या रकान्यापाशी गाडी अडली. तिथं छापलेलं होतं : पालकाची सही.

गावातले निम्मे बाप मुंबईला, माथाडीत नाही तर गिरणीत. घरी आया आणि म्हातारी माणसं. सही कोण करणार? मग तालुक्याच्या गावाहून, दहिवडीहून ही पेटी आणली. बाया शाळेच्या दारात उभ्या राहायच्या, आत यायला बिचकायच्या. मी अंगठा धरून पेटीत टेकवायचे, पुस्तकावर उमटवायचे. शाई पदराला पुसत त्या एकच प्रश्न विचारायच्या, “बाई, पास हाय न्हवं?”

छत्तीस वर्षं ही पुस्तकं भरली. २०१५ला निवृत्त झाले आणि हाताला सवड मिळाली, तसा एक प्रश्न डोक्यात घर करून बसला. पोराला शाळेत गणित-विज्ञान किती येतं, हे घराला कळवण्याची ही रीत आली कुठून? आणि ती येण्याआधी घराला कळत कसं होतं?

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मी लहानपणी कानांनी ऐकलेलं आहे. माझं माहेर वाईजवळचं, आजोबांचं भुसार मालाचं दुकान. तिन्हीसांजेला दिवा लागला की शुभंकरोती व्हायचं आणि लगेच परवचा. माझा थोरला भाऊ मांडी घालून आजोबांसमोर बसायचा. आधी तिथी, वार, नक्षत्रं, मराठी महिने. मग बेपासून तीसपर्यंत पाढे. आणि मग खरी कसोटी : पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन यांचे हे पाढे. औट म्हणजे साडेतीन. तो पाढा आता कुणाला येत नाही, पण ‘औट घटकेचं राज्य’ अजून बोलण्यात आहे. परवचा म्हणायचा भावानं. मला त्यात जागा नव्हती. मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर लसूण सोलत बसायचे आणि तो अडला की उत्तर फेकायचे. आजोबा म्हणायचे, “पोरी, तुला कुणी विचारलं?” पण रागावून नाही.

हे पाढे शोभेचे नव्हते. वजनाच्या मणाचे शेर चाळीस आणि रुपयाचे आणे सोळा. म्हणून मणाला जितके रुपये, तितकेच अडीच शेराला आणे. आजोबा विचारायचे, “ज्वारी साडेबारा रुपये मण, तर अडीच शेराला किती?” भाऊ म्हणायचा, “साडेबारा आणे.” “आणि पाच शेराला?” “एक रुपया नऊ आणे.” अडीचकी आली की गल्ल्यावर बसता येत होतं. आजोबांना शाळेतून काही कळवावं लागत नव्हतं. शाळेत जे शिकवत तेच दुकानात चालत होतं, त्यामुळे परीक्षा रोज संध्याकाळी घरच्या घरी होत होती.

जुन्या पंतोजींच्या शाळेचंही असंच होतं. एखाद्याच्या ओसरीवर नाही तर देवळात शाळा भरायची. लाकडी पाटीवर धूळ किंवा विटेची भुकटी पसरून काडीनं आकडे काढायचे, पाटी हलवली की पुसले. मोडी वाचायची, हिशेब करायचे, सगळ्यांनी एका सुरात पाढे म्हणायचे. शाळा घराच्या कानाच्या टप्प्यात होती. पोरगं किती शिकलं ते रस्त्यानं जाणाऱ्यालाही ऐकू यायचं. इतकं मात्र सांगायला हवं की हा टप्पा फार थोड्या घरांपुरता होता. ज्यांना हिशेब ठेवायचे असत त्या जातींच्या मुलग्यांसाठीच ही शाळा होती. ज्यांच्या नावावर हिशेबात कर्ज लिहिलं जाई, त्यांच्या पोरांना त्या ओसरीवर जागा नव्हती आणि मुलींना तर नव्हतीच. परवच्याच्या आठवणीनं गळा दाटून येणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं. मी उंबऱ्यावर बसून शिकले, ते उंबरा तरी आमच्या घरात होता म्हणून.

पुस्तकातलं गणित आलं ते इंग्रजी अमलात. मुंबईत १८२२ साली शाळा आणि शाळेची पुस्तकं यांसाठी एक मंडळी उभी राहिली. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस या इंजिनिअरनं शास्त्र्यांना हाताशी धरून इंग्रजी गणिताची पुस्तकं मराठीत आणवली. १८३०च्या दशकात हरि केशवजींनी पदार्थविज्ञान आणि रसायनशास्त्र मराठीत उतरवलं, तेही संवादाच्या रूपात, प्रश्न आणि उत्तर. बाळशास्त्री जांभेकर स्वतः गणित शिकवत. १८४० साली त्यांनी काढलेलं ‘दिग्दर्शन’ हे मासिक विद्यार्थ्यांना डोळ्यासमोर ठेवून होतं आणि त्यात विज्ञानाचे विषय, नकाशे, आकृत्या असत. पुढे केरोपंत छत्र्यांनी शाळांसाठी गणिताची आणि पदार्थविज्ञानाची पुस्तकं लिहिली. कुलाब्याच्या वेधशाळेत काम केलेला हा माणूस. टिळक आणि आगरकर हे दोघेही त्यांचे विद्यार्थी.

हे सगळं वाचताना माझ्यातल्या शिक्षिकेला आनंद झाला, पण एक गोष्ट खटकत राहिली. ‘भूमी सूर्याभोवती फिरते’ हे पोरगं शाळेत शिकून आलं, तर परवचा घेणारा आजोबा त्याची परीक्षा घेणार कशी? त्याला स्वतःलाच ते ठाऊक नाही, आणि कित्येकदा मान्यही नाही. शाळेतली विद्या पहिल्यांदाच घराच्या तपासणीबाहेर गेली.

मग घराला दाखवायचं कसं? त्या काळाचं उत्तर होतं जाहीर परीक्षा. साहेब, शेटजी, शास्त्री खुर्च्यांवर बसायचे, मुलांना सगळ्यांसमोर प्रश्न विचारले जायचे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या मुलींच्या शाळांची अशी परीक्षा १८५०च्या दशकाच्या आरंभी पुण्यात झाली, तेव्हा बघायला गर्दी लोटली होती. मुली हिशेब करतात, हे ऐकून विश्वास बसण्यासारखं नव्हतं, डोळ्यांनीच बघायला हवं होतं. पुढे हंटर कमिशनपुढे १८८२ साली निवेदन देताना जोतीरावांनी प्राथमिक शाळेत काय शिकवावं तेही मांडलं. मोडी, बालबोध, हिशेब, थोडा इतिहास-भूगोल, व्याकरण, आणि त्याबरोबर शेतीचं प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे. मला ही यादी फार शहाणी वाटते. शेती आणि आरोग्य हे असं विज्ञान आहे, जे कुणब्याच्या घरात लगेच ताडून बघता येतं. घर आणि शाळा यांच्यामध्ये पडत चाललेली फट त्या माणसाला दिसली होती.

जाहीर परीक्षा शहरात. खेड्यात यायचा तो डेप्युटी इन्स्पेक्टर, गावच्या तोंडी ‘डिपोटी’. तो येणार म्हणून शाळा सारवली जायची आणि मास्तरांना घाम फुटायचा. पण डिपोटी जे लिहून न्यायचा ते सरकारसाठी. घरासाठी त्यात काही नसे. सरकारनं घराला शाळेबद्दल काही कळवायचं म्हटलं, तर तो निरोप बऱ्याचदा वेगळ्याच, दंडाच्या भाषेत यायचा. आमच्या शेजारच्या कोल्हापूर संस्थानात शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि पोर शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड ठेवला. तो दंड जुलूम नव्हता. ज्यांना ओसरीवर कधी जागाच मिळाली नव्हती, त्यांची पोरं शाळेत याच रस्त्यानं आली.

आणि होती मराठी सातवी, म्हणजे व्हर्नाक्युलर फायनल. आमच्याकडं नुसतं ‘फायनल’ म्हणत. फायनल पास झालेला मास्तर होऊ शकायचा, तलाठी होऊ शकायचा. त्या परीक्षेतलं अंकगणित आजही सोडवायला दिलं तर पुष्कळांची भंबेरी उडेल. नफा-तोटा, सरळ व्याज, चक्रवाढ, काळ-काम-वेग, आणि सगळं रुपये-आणे-पैत. आजोबांच्या दुकानात फायनल झालेला एक गुमास्ता होता. त्याचं प्रगतिपुस्तक कुणी पाहिलं नव्हतं. त्यानं बेरीज केली की आजोबा ती पुन्हा तपासत नसत, तेच त्याचं प्रगतिपुस्तक.

मग आलं १९५७. त्या वर्षी १ एप्रिलला नवा पैसा आला आणि मीही त्याच वर्षी जन्मले. सोळा आण्यांचा, चौसष्ट पैशांचा रुपया एका रात्रीत शंभर नव्या पैशांचा झाला. पाठोपाठ मेट्रिक वजनं आली आणि १९६२पर्यंत शेर-मण कायद्यानं हद्दपार झाले. दशमान पद्धत सोपी, स्वच्छ, पोरांच्या भल्याची. शाळेतून पावकी-निमकी उठली ती त्याच ओघात, कारण शंभराच्या हिशेबाला त्यांची गरज उरली नाही. पण आमच्या ओसरीवर काय झालं ते मी पाहिलं आहे. आजोबांनी वजनं बदलली, काटा बदलला, पण जीभ काही बदलेना. ते भावाला अजून अडीच शेराचे आणे विचारत, आणि भाऊ म्हणायचा, “आजोबा, शाळेत असलं नसतं आता.” एका आण्याचे नवे पैसे सव्वासहा. हा सव्वासहाचा हिशेब दोघांनाही धड जमेना. हळूहळू परवच्यातले अपूर्णांक गळाले, नुसते पाढे उरले. मग पाढेही गळाले आणि शुभंकरोती उरलं. आजोबांना पहिल्यांदाच नातवाचं गणित कळेनासं झालं. त्यानंतरच कधीतरी त्यांनी चष्मा पुसून भावाचं प्रगतिपुस्तक बारकाईनं वाचलेलं मला आठवतं. त्याआधी ते न वाचताच सही करत.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मला इथं सापडलं. जे घराला स्वतः तपासता येतं त्याचा अहवाल लागत नाही. प्रगतिपुस्तक शाळेच्या शिस्तीतून आलं असेल, पण ते टिकलं आणि मोठं झालं ते घराच्या अडाणीपणावर. आणि हा अडाणीपणा घरचा मूळचा नव्हे. दर वीस-तीस वर्षांनी गणिताची भाषा बदलत गेली आणि आदल्या पिढीच्या हातातलं माप खोटं ठरत गेलं. साठ-सत्तरच्या दशकांत जगभर ‘नव्या गणिता’ची लाट होती. आमच्याही पुस्तकांत संच आले, महिरपी कंस आले. फायनल झालेले बाप ती पुस्तकं उलटी-सुलटी करून बघायचे आणि म्हणायचे, “ह्यात हिशेब कुठाय?”

मी शिकवायला लागले ती या काळात. प्रगतिपुस्तक म्हणजे जाड पिवळट कागदाची घडी. घटक चाचणी, सहामाही, पुन्हा घटक चाचणी, वार्षिक. हजर दिवस, उंची, वजन. नापास विषयाखाली लाल रेघ. आणि ‘शेरा’ नावाचा एक रकाना, दीड बोट उंचीचा. चाळीस मुलांचे शेरे एका रात्रीत, कंदिलाच्या उजेडात लिहायचे म्हटल्यावर काय सुचणार? ‘गणितात लक्ष द्यावे.’ ‘विज्ञानात प्रगती आवश्यक.’ लक्ष कुणी द्यायचं, कशात द्यायचं, कसं द्यायचं, यातलं काहीच नाही. पोरं हुशार होती. लाल रेघ दिसली की काही जण आईला म्हणत, “ही बाईंनी नटवलीय.” आणि आई खूश होऊन अंगठा द्यायची.

विज्ञानाची तर आणखी गंमत. शाळेत साहित्याची एक पेटी आली होती. लोहचुंबक, भिंग, परीक्षानळ्या, स्पिरिटचा दिवा. ती कुलपात. फुटलं तर भरून द्यावं लागेल म्हणून कुलूप. साठ्याच्या वहीत पेटी होती, पोरांच्या हातात नव्हती. मग मी पेटीचा नाद सोडला आणि गावात जे होतं त्यावर आले.

१६ फेब्रुवारी १९८०ला सूर्यग्रहण झालं. खग्रास पट्टा खाली कर्नाटकातून गेला, आमच्याकडं खंडग्रास, पण चांगलं मोठं. शनिवार होता, शाळा सकाळची. आठवडाभर मी सातवीला प्रकाशाच्या पाठात सूचिछिद्र प्रतिमाग्राहक शिकवत होते. हा शब्द पाठ करतानाच पोरांच्या तोंडाला फेस यायचा. मी सांगितलं, दुपारी घरची चाळण घेऊन शाळेत या, सूर्याकडं बघायचं नाही, आपण जमिनीकडं बघू. पन्नासातली चार आली. बाकीच्यांना घरच्यांनी कोंडून ठेवलं होतं. दारं बंद, पाण्यात तुळशीपत्र, पोटुशी बाया आतल्या खोलीत निजवलेल्या. त्या चौघांनी चाळण धरली आणि शाळेच्या अंगणात चाळणीच्या सावलीत शेकडो चंद्रकोरी पडल्या. पोरं ओरडलीच.

पण खरी गोष्ट मला सोमवारी कळली. घरात कोंडलेल्यांपैकी एका पोरानं सांगितलं, “बाई, आमच्या पत्र्याला भोकं हायती. त्यातनं उन्हाचं गोल कवडसं पडत्यात की नाही, ते समदं कोर झालं. मी आजीला दावलं.” दार लावलं, खिडकी लावली, तरी ग्रहण पत्र्याच्या भोकातून घरात आलं होतं आणि शेणानं सारवलेल्या जमिनीवर आजीच्या पुढ्यात पडलं होतं. आजी काय म्हणाली, विचारलं. “म्हनाली, रोजचं कवडसं म्हंजी सूर्यच का मग? मी म्हनलं, व्हय.” छत्तीस वर्षांत विज्ञानाचा इतका चांगला अहवाल माझ्या हातून एकाही घरी गेला नाही. हा गेला तो मी न लिहिता. पुढे १९८९ला आमच्या साताऱ्याच्याच नरेंद्र दाभोलकरांनी अंधश्रद्धा निर्मूलनाची समिती उभी केली. १९९५च्या ऐन दिवाळीत पुन्हा ग्रहण आलं, तेव्हा सुट्टी असूनही पोरं, आणि दोन-चार आयासुद्धा, चाळणी घेऊन अंगणात उभ्या होत्या.

गणितातली माझी चूक दाखवली ती एका अंगठेवालीनं. साल १९८६ असेल. सहावीतल्या तिच्या मुलीला सहामाहीत गणितात पन्नासपैकी चौदा. अपूर्णांकांचा सगळा प्रश्न कोरा. मी नेहमीचा शेरा मारला. आईनं अंगठा दिला, पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “बाई, तिला काय येत न्हाई ते लिवलंय. काय येतं ते कुठं लिवलंय?”

मी म्हटलं, “म्हणजे?”

“घरात धान्याचं समदं माप तीच करती. हिशेब येत न्हाई म्हंता?”

आमच्याकडची मापं अशी : दोन निळवी म्हणजे एक कोळवं, दोन कोळवी म्हणजे चिपटं, दोन चिपटी म्हणजे मापटं, दोन मापटी म्हणजे शेर, दोन शेर म्हणजे अधोली, दोन अधोल्या म्हणजे पायली. प्रत्येक माप खालच्याच्या दुप्पट. पायलीची निळवी चौसष्ट, जुन्या रुपयाच्या पैशांइतकीच. कायद्यानं लिटर येऊन वीसहून जास्त वर्षं झाली होती, पण बलुतं, उसनवारी, बी-बियाणं सगळं चालायचं ते याच मापांनी. मी पोरीला विचारलं, “पायलीतली तीन मापटी काढली. उरलं किती?” तिनं छताकडंसुद्धा बघितलं नाही. “अधोली न् एक मापटं.” मी फळ्यावर लिहिलं : एक वजा तीन अष्टमांश, बरोबर पाच अष्टमांश, म्हणजे एक द्वितीयांश अधिक एक अष्टमांश. पोरीनं आकड्यांकडं असं पाहिलं, की जणू घरचीच बाई परकं लुगडं नेसून आलीय.

पुढच्या पालकसभेला मी निरोप धाडला, येताना घरची मापं घेऊन या. त्याआधीच्या सभेला सात जणी आल्या होत्या, या वेळी ओसरी भरली. लाकडी पायल्या, लोखंडी शेर, पितळी चिपटी. प्रत्येक मापापुढं मी खडूनं अपूर्णांक लिहिला आणि बाळगोपाळांनी ज्वारी ओतून तो ताडून पाहिला. एक म्हातारी म्हणाली, “शीग लावून का सपाट?” मला पटकन कळेना. तिनं दाखवलं, मापावर ढीग रचून दिलं ते शिगेचं, काठाशी हात फिरवून दिलं ते सपाट. देताना सपाट आणि घेताना शीग असा सावकाराचा हिशेब असतो, हेही तिनं सांगितलं. पाठ्यपुस्तकातल्या अपूर्णांकाला शीग नसते. मी त्या दिवशी शिकवायला उभी राहिले होते, पण निम्मा वेळ शिकतच होते.

त्या वार्षिकच्या पुस्तकात मी शेरा लिहिला : ‘मापांचा हिशेब तोंडी पक्का. तो अपूर्णांकात लिहिण्याचा सराव हवा.’ दीड बोटाच्या रकान्यात मावेना म्हणून बारीक अक्षरात लिहिला. तपासणीला आलेल्या एका साहेबांनी त्यावर बोट ठेवून विचारलं, “हे काय? नमुन्याप्रमाणे लिहा.” मी मान डोलावली आणि लिहीत राहिले. सगळ्यांचे नाही जमले, खोटं कशाला सांगू. वर्गात दहा-बाराच मुलांचे असे शेरे व्हायचे. बाकीच्यांना लक्ष द्यावे.

२०१०ला शिक्षणहक्क कायदा लागू झाला. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बाया असाव्यात असं ठरलं. त्याच वर्षी आमच्या राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. आकारिक, संकलित, श्रेणी, आणि वर्णनात्मक नोंदी. मुलाला काय येतं ते शब्दांत लिहा, असा चक्क सरकारी हुकूम! त्या बाईचा प्रश्न चोवीस वर्षांनी सरकारनं विचारला, म्हणून मी हरखले. पण दोन वर्षांत बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली. ‘गणितातील मूलभूत क्रिया अचूक करतो.’ ‘परिसरातील घटनांमागील कारणे शोधतो.’ वर्षाला इतक्या नोंदी, इतक्या मुलांच्या, शिवाय खिचडीचा हिशेब आणि जनगणना. आम्ही उतरवत गेलो. मीही उतरवल्या. कंदिलाऐवजी आता ट्यूबलाइट होती, एवढाच फरक.

तोवर भाषाही पुन्हा बदलली होती. सेमी-इंग्रजी आलं, गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. माझ्याच हाताखालून सातवी झालेली एक पोरगी आई होऊन शाळेत आली. तिला लसावि-मसावि चांगले यायचे. लेकीच्या वहीत ‘एलसीएम’ बघून म्हणाली, “बाई, हे काय नवीन काढलंय?” मी सांगितलं, लसाविच गं. ती हसली, पण हसता हसता चेहरा उतरला. आजोबांचा सव्वासहाचा आणा मला त्या क्षणी आठवला. अडीचकी गेली, हिशेबाचे संच झाले, लसाविचा एलसीएम झाला. प्रत्येक खेपेला एक पिढी उंबऱ्याबाहेर गेली, आणि प्रत्येक खेपेला शाळेनं अहवालाचा कागद आणखी चकचकीत केला.

आता माझी नात पुण्यात सहावीत आहे, आणि अहवालाचा कागद जाऊन फोन आला आहे. सोलापूरकडच्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतल्या रणजितसिंह डिसले गुरुजींनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणले, पुढे २०२०ला त्यांना जागतिक पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी करोनाच्या साथीत शाळा बंद झाल्या आणि सगळी शाळा फोनवर आली. ती उघडली तरी फोन काही सुटला नाही. रोज दुपारी सुनेच्या फोनवर निरोप येतो, सोबत फळ्याचा फोटो. परवा आला : आज अपूर्णांकांची वजाबाकी झाली, घरी सराव घ्यावा. खाली एकेचाळीस पालकांचे अंगठे. निळे-पिवळे, टवटवीत. सुनेनंही भाजी परतता परतता एक दिला.

मी विचारलं, “काय लिहिलंय गं?”

“आई, वाचलं कुठं अजून? बघितलं एवढं कळवलं.”

तिला बोल लावत नाही मी. तिच्या फोनवर दिवसाला असे वीस निरोप येतात. पण मला माझी शाईपेटी आठवली. त्या अंगठेवाल्यांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्या दारात थांबायच्या आणि विचारायच्या. हे अंगठे वाचता येणाऱ्यांचे आहेत, आणि कुणी थांबलेलं नाही.

संध्याकाळी नातीला म्हटलं, “मला सांग बघू, आज काय झालं.” तिनं वही उघडली. न्यूमरेटर, डिनॉमिनेटर, लाइक, अनलाइक. छत्तीस वर्षं तेच शिकवूनही मी दोनदा अडखळले. मी म्हटलं, “थांब, हे अनलाइक म्हणजे काय ते पुन्हा सांग.” ती पुन्हा सांगू लागली, सांगता सांगता तिलाच एक चूक सापडली, ती खोडली. मी मधेच एक उत्तर दिलं, तर म्हणाली, “आजी, तुला कुणी विचारलं?” मी गप्प बसले. पहिल्यांदाच मी आतल्या बाजूला बसले होते. सूनबाई दिवा लावायला आली, तेव्हा आम्ही अजून पाच अष्टमांशावरच होतो.